दहा नंबरचं पान

"टोपी," मी म्हणाले.

सेहेचाळीस वर्षांचा घोडा, दाढीत पांढरं आलेलं, पण त्याने झटक्यात टोपी काढली. एवढं तरी शिकला म्हणायचा या शाळेत. तेहेतीस वर्षं मी या दारात उभी आहे आणि डोक्यावर टोपी ठेवून आत कुणी गेलेलं नाही, पाद्री असो की आमदार. नोल्बेर्तो कारकामो टोपी छातीशी धरून उभा राहिला. तिच्यातून पावसाचं पाणी गळत होतं, आणि फरशी मी सकाळीच पुसून घेतली होती.

त्याला वर्तणुकीचा दाखला हवा होता. आजच, चारच्या आत, पालिकेत द्यायला.

मला हसूच आलं. वर्तणुकीचा दाखला, आणि तो या प्राण्याला. आमच्या शाळेत मी शिक्षिका नाही, शिस्तीची बाई आहे. कोण उशिरा आलं, कुणाचे केस कॉलरला लागले, कुणी भिंतीवर काय लिहिलं, हे बघायचं माझं काम. प्रत्येक वर्गाचं एक जाडजूड पुस्तक असायचं, त्यात प्रत्येक पोराचं एक पान, आणि त्या पानावर लाल शाईत शेरे मारायची मी. शिक्षक नुसत्या चिठ्ठ्या पाठवायचे. या गावातल्या निम्म्या लोकांना मी त्यांच्या पानावरून ओळखते. पोस्टात बसून नाकाने कांदे सोलणारी ती ओरियाना, तिच्या पानावर "कॉपी करताना सापडली" असं चारदा आहे. नोल्बेर्तोच्या पानावर सव्वीस शेरे होते. आकडा माझ्या तोंडपाठ होता, कारण तेवढे दुसऱ्या कुणाचेच नव्हते.

"शाळा सोडून काय दिवे लावलेस?" मी विचारलं.

मासे कापायच्या कारखान्यात एकवीस वर्षं, असं तो म्हणाला. आता मनगटं गेली. सुरी धरली की बोटं बधिर होतात. म्हणून शाळेच्या लाँचसाठी अर्ज केला होता.

समोरच्या चार बेटांवरची पोरं रोज सकाळी त्या लाँचने शाळेत येतात. जुना तांडेल गुडघे धरून घरी बसला आणि जागा रिकामी झाली. अर्ज दोनच. एक नोल्बेर्तोचा, जो नऊ वर्षांचा असल्यापासून बापाची होडी चालवत होता. दुसरा मुख्याध्यापकांच्या बाप्तिस्म्यातल्या धर्मपुत्राचा. हे पोरगं चिलोएसारख्या बेटावर जन्मून दोरीला गाठ मारताना बुटाची नाडी बांधल्यासारखी मारतं. एरवी अशा जागेला पोलिसांचा दाखला पुरतो. यंदा मुख्याध्यापकांनी स्वतःच्या डोक्याने नवा नियम काढला की उमेदवार या शाळेत शिकला असेल तर शाळेचा वर्तणुकीचा दाखलाही हवा, जुन्या पुस्तकावरून. मला तेव्हाच वास यायला हवा होता.

मुख्याध्यापक म्हणजे नेल्सन. नोल्बेर्तोचा चुलतभाऊ, आणि मावसभाऊही. दोन सख्ख्या भावांनी दोन सख्ख्या बहिणी केल्या, आणि आमच्याकडे प्रत्येकाला दोन आडनावं, एक बापाचं आणि एक आईचं, त्यामुळे दोघेही कारकामो बारिया. एका वर्षाचे, एका वर्गातले. हजेरीत नेल्सन नऊ नंबर, नोल्बेर्तो दहा. नेल्सनच्या बापाचं चौकात दुकान होतं, पोराची कॉलर कायम पांढरी. नोल्बेर्तो वर्गात आला की चुलीच्या धुराचा आणि समुद्री शेवाळाचा वास यायचा, आणि मास्तर खिडकी उघडायचे. आता नेल्सन बिनबाह्यांचं जाकीट घालून सभेत "आपण सगळे एक कुटुंब" म्हणतो. कुटुंबातला हा दुसरा कारकामो रोज सकाळी धक्क्यावर सगळ्यांसमोर "काय रे नेलो" म्हणून हाक मारणार, ही त्याची खरी पोटदुखी.

मी नोल्बेर्तोला शेगडीजवळच्या बाकावर बसवलं आणि पुस्तक आणायला गेले. आता सगळं संगणकावर आहे. जुनी पुस्तकं लाकडाच्या खोलीत, सरपणाच्या मागे, खोक्यांत पडलीत. त्र्याण्णव सालचं पुस्तक सापडलं, कोपरे उंदरांनी खाल्लेले. परत येऊन मी ते शेगडीवर थोडं शेकलं, चष्मा लावला आणि दहा नंबरचं पान उघडलं. त्याला ते मोठ्याने वाचून दाखवायचं माझ्या मनात होतं. मला त्यात मजा वाटणार होती, खोटं कशाला बोलू.

"चार ऑगस्ट. तास चालू असताना एकटाच हसतो," मी वाचलं. "सहा ऑगस्ट. राष्ट्रगीताला बेडकाचा आवाज काढला. नऊ ऑगस्ट. मास्तरांच्या खुर्चीवर जिवंत खेकडा ठेवला."

तो टोपी पिळत होता, आणि पाणी पुन्हा माझ्याच फरशीवर.

"एकोणीस ऑगस्ट. प्रयोगशाळेतला सूक्ष्मदर्शक फोडला."

मधले तीन किरकोळ मी सोडले; हा सातवा. याच शेऱ्यावर त्याचं सगळं फिसकटलं होतं. त्या वर्षी मुख्य भूमीवरच्या एका नौकाशाळेने आमच्या शाळेला एक जागा दिली होती, राहणं-खाणं त्यांचं. शिक्षकांची बैठक भरली, सगळ्यांच्या तोंडी नोल्बेर्तोचं नाव होतं, आणि मी हे पान उघडून त्यांच्यापुढे ठेवलं. जागा नेल्सनला मिळाली. नेल्सनला बोट लागायची. वर्षभर ओकून तो परत आला आणि मास्तरकीकडे वळला.

पुढचा, आठवा शेरा माझ्या स्वतःच्या शब्दांत होता. तीस ऑगस्ट. मी तो वाचला, आणि पुन्हा एकदा वाचला.

"उलट उत्तर देतो. शिक्षा सांगितल्यावर म्हणाला, मी त्या दिवसांत नव्हतोच."

पुस्तकाच्या पुढच्या भागात हजेरी असते. तीही मीच भरायची, रोज सकाळी. मी पानं उलटली. दहा नंबर, दोन ऑगस्टपासून सत्तावीसपर्यंत, ओळीने फुल्या. गैरहजर. खाली समासात माझ्याच बारीक अक्षरात टीप: बापाचा पाय मोडला, मुलगा होडीवर. शेरे मात्र मी शुक्रवारी दुपारी एकगठ्ठा उतरवायची, मातेचा कडू चहा नळीने ओढत, शेगडीला पाय लावून. मास्तर चिठ्ठीवर लिहायचे "एन. कारकामो बारिया". कुठला एन., हे मी कधी विचारलं नाही. मला शंकाच आली नाही. दोन पोरं डोळ्यांसमोर आणायची, एक धुतलेलं आणि एक धुराचा वास मारणारं, आणि पेन आपोआप दहा नंबरवर जायचं.

तेहेतीस वर्षं मी या गावाच्या अकलेला हसत आले. माझी अक्कल तेव्हा कुठे चरायला गेली होती?

"तुला माहीत होतं?" मी विचारलं.

"सातांचं माहीत होतं, बाई."

"मग बोलला का नाहीस?"

"बोललो की. तो आठवा."

मी शेगडीत लाकूड घातलं, गरज नसताना. तो पुढे सांगत राहिला, कुणा तिसऱ्याच माणसाबद्दल सांगावं तसा. बापाला शाळेत बोलावलं होतं. बाप कुबड्यांवर आला, माझं सगळं ऐकून घेतलं आणि घरी जाऊन म्हणाला, शाळेत लिहिलंय म्हणजे खरंच असणार. त्याला स्वतःला वाचता येत नव्हतं, त्यामुळे लिहिलेल्यावर त्याचा फार विश्वास.

"मग मीही म्हटलं, एवढं म्हणतायत तर असूच आपण तसे," नोल्बेर्तो म्हणाला. "पुढचे अठरा मी भरले. ते चोख माझे आहेत. जिमखान्याचं दार जाळलं ते मीच."

"आणि पहिले सात कुणी केले, ते?"

"तुम्हाला ठाऊक नाही?"

ठाऊक होतं. खेकडे आणायला होडी लागत नाही, दुकानदाराच्या पोरालाही बाजारात मिळतात.

मी दाखल्याचा कोरा कागद घेतला आणि लिहिलं. पहिले सात शेरे चुकीचे आहेत, विद्यार्थी त्या दिवसांत हजर नव्हता, चूक नोंद करणारीची. सही केली. साडेतीन वाजत आले होते. शिक्का मुख्याध्यापकांच्या खोलीत असतो, म्हणून कागद आणि पुस्तक दोन्ही घेऊन मी तिकडे गेले.

नेल्सन खिडकीशी उभा राहून मिल्काओची भाकरी खात होता, जाकिटावर बटाट्याचे कण. मी कागद ठेवला, हजेरीचं पान उघडून ठेवलं, शेजारी शेऱ्यांचं. त्याने दोन्ही वाचलं. सावकाश वाचलं. सूक्ष्मदर्शकाच्या ओळीवर त्याचं बोट जरा थांबलं, मी बघत होते. मला वाटलं, लाजेल. काय मूर्ख असते मीही.

"तीस वर्षांपूर्वीचं आहे हे, लुदोविनाबाई," तो म्हणाला.

"म्हणूनच शिक्का द्या. चारच्या आत जायचंय त्याला."

मग त्याने रुमालाने बोटं पुसली आणि पुस्तक मिटलं.

"शाईने लिहिलं की लिहिलं. खाडाखोड नाही, वर लिहिणं नाही, रडणं नाही." तो हसला. "तुम्हीच शिकवलंत ना आम्हाला? पहिल्या दिवशी, रांगेत उभं करून."

शिकवलं होतं. दर मार्चमध्ये, वर्ष सुरू होताना, तेहेतीस वेळा, हेच शब्द. हातात पट्टी घेऊन. एकाही पोराने ते लक्षात ठेवले असतील असं मला वाटलं नव्हतं, आणि ज्याने ठेवले तो निघाला हा.

मी त्याला म्हटलं की खेकडा तू ठेवलास. सूक्ष्मदर्शक तू फोडलास. भाऊ बापाच्या जागी होडी चालवत होता आणि तू त्याच्या नावावर मजा मारलीस, आणि त्याची जागाही घेतलीस, तीही तुला झेपली नाही. इतक्या वर्षांत मुख्याध्यापकाला मी पहिल्यांदाच अरे-तुरे केलं. त्याच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. पानावर तसं कुठे लिहिलंय, एवढंच त्याने विचारलं. नऊ नंबरचं पान कोरं होतं. मीच कोरं ठेवलं होतं. शिक्क्याच्या खणाची किल्ली त्याच्या जाकिटाच्या खिशात होती आणि तो खिशावर हात ठेवून उभा होता, मी झटापट करीन या भीतीने. जमलं असतं तर केलीही असती, पण एकसष्टाव्या वर्षी हातांत तेवढं बळ नाही.

परत आले तेव्हा नोल्बेर्तो उठून उभा राहिला. माझ्या हातातला बिनशिक्क्याचा कागद त्याला दुरूनच दिसला. घड्याळात पावणेचार. बिनशिक्क्याचा कागद पालिकेत कुणी हातात धरत नाही, हे त्यालाही माहीत आणि मलाही. मी सांगितलं तरी, तोंडाने सांगायला हवं म्हणून सांगितलं. नेल्सन शिक्का देत नाही, एवढंच मी म्हणाले.

"बरं," तो म्हणाला.

मग मी लाल पेन काढलं. दहा नंबरचं पान उघडलं आणि वरच्या शेऱ्यांवर रेघा मारायला लागले. पट्टी न लावता. एक, दोन, तीन. माझ्या अख्ख्या नोकरीतली पहिली खाडाखोड. सात मारून झाल्या आणि पेन आठव्यावर गेलं. त्याने वरून हात ठेवला. त्या बोटांना धरवत नव्हतं, नुसती माझ्या हातावर येऊन बसली.

"तो राहू दे, बाई. तो माझाय. उलट मी बोललो होतो."

मी पेनाला टोपण लावलं. मला त्याची माफी मागायची होती. तीस वर्षांत मी पोरांकडून हजारो माफ्या लिहून घेतल्या, शुद्धलेखनासकट, पण स्वतःच्या तोंडातून एक बाहेर पडेना. उद्या पालिकेत मी स्वतः येते, हजेरीचं पान घेऊन, असं काहीतरी म्हणाले. तो म्हणाला, नका, पावसात कशाला. उद्या त्याची कारखान्यात सकाळची पाळी होती.

बाहेर शाळा सुटायची वेळ झाली होती. बेटांवरची पोरं दप्तरं डोक्यावर धरून धक्क्याकडे पळत होती, आणि लाँचवर आत्तापासूनच तो धर्मपुत्र उभा होता, दोरी चुकीच्या खुंट्याला बांधून. नोल्बेर्तोने माझ्या खांद्यावरून ते पाहिलं.

तो दाराकडे निघाला. उंबऱ्याच्या आत, माझ्या पुसलेल्या फरशीवर, माझ्यासमोर थांबला. ओली टोपी एकदा झटकली, दोन्ही हातांनी डोक्यावर घातली, नीट, कानांपर्यंत. आणि माझ्याकडे बघत उभा राहिला.

मी बाजूला झाले आणि त्याला दार उघडून दिलं.