पंखवालीची भिंत

भागाबाईनं सुनेचा दंड धरला आणि तिला आरोग्य उपकेंद्राच्या उंबऱ्यावरूनच मागं ओढलं. शिवकन्या कळांनी वाकली होती. मेंढरांच्या तळावरून बैलगाडीत आडवी पडून ती इथवर आली होती.

"म्या न्हाई नेत आत," भागाबाई म्हणाली. "आसरा बसवली तुमी भिताडावर. लेकरू उचलून चालली ती. दिसून न्हाई राहिलं का, नर्सबाई?"

नर्स पद्माबाईनं वळून भिंतीकडं पाहिलं. शाळेच्या शिवप्रसाद मास्तरांनी पंधरा दिवसांमागं ते चित्र काढलं होतं. पांढऱ्या झग्यातली बाई, पाठीला हंसाचे असावेत तसे पंख, कुशीत निजलेलं तान्हं. खाली काळोखातलं गाव, वर उजेड. हा देवदूत, विलायतेत जुने चित्रकार असे काढत, असं मास्तरांनी सांगितलं होतं. सरपंचांनी नारळ फोडला होता. पद्माबाईचा तेव्हाच तिळपापड झाला होता. उपकेंद्रात नळाला पाणी नाही, बाळंतिणीसाठी ती स्वतः कळशीनं पाणी वाहते, आणि यांनी भिंतीला पंख लावले.

पंधरा दिवसांत एकही बाळंतपण का आलं नाही, ते तिला आत्ता उमगलं. पाण्यातल्या आसरा बाळंतिणीच्या कुशीतलं लेकरू नेतात, ही धास्ती इथल्या बायांना लहानपणापासूनची. शिवकन्येची पहिली दोन्ही लेकरं तळावरच गेलेली. आता तिसऱ्यालाही म्हातारी परत तिथंच घेऊन निघाली होती.

कुणीतरी शाळेत सांगितलं, तसे मास्तर धावत आले. पद्माबाईनं परसातली चुन्याची बादली आणून त्यांच्या पुढ्यात आदळली.

मास्तर समजावू लागले, की ही आसरा नव्हे, बायांचा गैरसमज आहे, दोन शब्द सांगितले की जाईल.

"मास्तर, बराबर सांगा," पद्माबाई म्हणाली. "ती लेकरू आणून राहिली, का नेऊन राहिली?"

मास्तरांनी चित्रातल्या लेकराकडं पाहिलं. मग हळूच म्हणाले, "नेऊन राहिली. पुस्तकात तसंच होतं. मेलेल्या लेकराला पैलाड नेते."

"मग बायाच खऱ्या."

"पण जपून नेते, बाई. आमच्या लेकीला, अंजलीला, तापात हिंगोलीला नेत होतो. येष्टीतच गेली. मांडीवर. तिला कुणीतरी असं उचललं असंल, म्हणून..."

पद्माबाईनं पुन्हा चित्राकडं पाहिलं. निजलेल्या लेकराच्या गालाला खळी होती. राग मात्र उतरला नाही.

"ते तुमच्या घरच्या भिंतीवर काढा. इथं बाया जित्तं लेकरू घेऊन जायला येतात."

मास्तरांनी कुंचला बुडवला. पंख गेले, झगा गेला, गाव गेलं. लेकराच्या तोंडाशी कुंचला थांबला. तो खाली ठेवून त्यांनी ओंजळीत चुना घेतला आणि तळहातानं, न्हाऊ घालताना फिरवावा तसा, तिथं हात फिरवला. ओल्या चुन्यातून चेहरा दिसतच राहिला. त्यांनी पुन्हा फिरवला. पुन्हा.

भागाबाई बघत होती. मास्तरांचं कोण गेलं होतं, ते तिनंही ऐकलं होतं. सुनेच्या पाठीला हात देऊन तिनं तिला आत नेलं.

ऊन कलताना पद्माबाई बाहेर आली. मास्तर पायरीवरच होते.

"रडलं का?" त्यांनी विचारलं.

"रडलं. पोरगी हाय."

मास्तरांनी मान हलवली. त्यांचे तळहात चुन्यानं उलले होते, पेरांतून रक्त येत होतं.

"बादलीभर चुना हातानं फासत असतेत का कुणी? शिकले-सवरले तुमी," पद्माबाई करवादली. आतून खोबरेलाची बाटली आणून ती त्यांच्यासमोर बसली. "करा हात पुढं."

लहान लेकरागत मास्तरांनी दोन्ही हात पुढं केले.