होडी पाण्याला लागली की

काकांच्या कारखान्यात होड्या बांधायला घरच्या बायका चालत. फळ्या घासायच्या, फटींत डांबर भरायचं, रंगाचे हात मारायचे, सगळं त्याच करत. पण होडी एकदा पाण्याला लागली की तिच्यात पाय ठेवायचा नाही. बाईचा पाय लागलेली होडी बुडते, असं पणजोबा सांगून गेले होते. खरं-खोटं करायची कुणाची छाती झाली नव्हती.

भिंगरीची झाली. खरं नाव वेगळं, पण ही एका जागी बसेल तर शपथ, म्हणून घरात सगळे तिला भिंगरीच म्हणत. नदीवर यंदा बायकांचीही शर्यत आहे असं कळल्यावर तिनं काकांच्याच लेकीला, ताईला, पटवलं. ताई तशी भित्री, पण ती नाही म्हणाली नाही. पलीकडच्या काठावर मासे विकणाऱ्या मावशींच्या होडीत दोघी चोरून वल्हवायला शिकल्या. तळहातांना फोड आले, ते फळ्या घासून आले म्हणून खपवले.

शर्यतीच्या सकाळी त्यांनी घरचीच नवी होडी पाण्यात लोटली. बातमी लागताच काका तरातरा आले आणि त्यांनी होडीचा दोर धरला.

"उतरा खाली. दोघीही."

ताई उतरायला उठली. भिंगरीनं तिला हाताला धरून खाली बसवलं.

"काका, बुडालो तर तुमचं खरं," ती म्हणाली. "पण एकदा बघू तरी द्या."

तेवढ्यात भिंगरीची आई गुडघाभर पाण्यात उतरली. दिरांसमोर तिनं कधी तोंड उघडलं नव्हतं, आजही उघडलं नाही. होडीच्या टोकाशी दोराची गाठ होती, ती तिनं सोडली आणि सगळा जोर लावून होडी ढकलली. दोर काकांच्या हातात तसाच राहिला.

शिट्टी झाली. पहिल्यांदा होडी जागच्या जागीच गरगरली, काठावर हशा पिकला. मग भित्री ताईच ओरडायला लागली, "ओढ! ओढ!" आणि वल्ही एका तालात पडू लागली. एक होडी मागे पडली, दुसरी पडली, पाणी तोंडावर उडत होतं, दोघी हसत होत्या की रडत होत्या त्यांनाच कळेना. शर्यतीत दोघींचा दुसरा नंबर आला. थोडक्यात पहिला नंबर हुकला.

काकांनी पुढे कितीतरी दिवस दोघींशी अबोला धरला. होडीला कुलूप मात्र घातलं नाही.

शर्यतीच्या दुसऱ्याच दिवशी आई काठावर आली, पदर खोचून होडीत बसली आणि दोन्ही कडा घट्ट धरून म्हणाली, "अगं, जरा जोरात ने की."