केशरबाईचे कोरडे हात

परातीतलं पाणी लालभडक झालं आणि देवळासमोर बसलेल्या साठ-सत्तर बायकांच्या तोंडून एकदम निघालं, "आई गो!"

"बघा!" गोमाजी भगत ओरडला. "सगुणाच्या हातातनं करणी निघाली! सात खाड्या, चौदा बंदरं, कुठं कोणाला दिसली नाय, ती या गोमाजीला दिसली!"

शीळफाट्याकडून आलेल्या या माणसाने खाडी पाहिली असेल ती एसटीच्या खिडकीतून. पण तेव्हा हे कोणाच्या डोक्यात आलं नाही. माझ्याही नाही.

ही १९८७च्या जानेवारीतली गोष्ट, आमच्या ठाण्याच्या खाडीकाठच्या कोळीवाड्यातली. त्या हिवाळ्यात आमची बोटं लाल-जांभळी होऊन सुजायची. संध्याकाळी घरी आलं की अशी खाजायची, जळायची की घास तोंडात घालवत नसे. पूर्वी हे नव्हतं. माझ्या सासूच्या काळात सकाळी खाडीची मासळी आली की दुपारपर्यंत विकून बायका मोकळ्या. काय चव होती खाडीतल्या त्या बोय माशांना! मग खाडीचं पाणी बिघडलं, मासळी आटली आणि आम्ही मुंबईच्या बंदरावरून बर्फातली मासळी आणून कल्याण-डोंबिवलीला विकायला लागलो. पहाटेपासून हात बर्फात, घरी आलं की तेच ओले हात पेटत्या शेगडीवर. बर्फ रोजचाच झाला होता, त्याच्यावर संशय कोण घेणार?

भगताची रीत ठरलेली. हातांना देवीची हळद चोळायची, मंतरलेल्या पाण्यात हात बुडवायचे, पाणी लाल. मग हात लोकरीच्या फडक्यात गुंडाळायचे आणि पंधरा दिवस मासळीला, बर्फाला शिवायचं नाही. "देवीचं सोवळं हाय. मोडलात तर मी जबाबदार नाय!"

सगुणाने पाळलं, ती बरी झाली. मी पाळलं, मीही बरी झाले. पुन्हा पाटी उचलली आणि आठवड्यात बोटं होती तशी.

"कोणीतरी परत करतंय," आम्ही पुन्हा देवळासमोर जमलो तेव्हा भगत म्हणाला. "जिचे हात साफ, तीच ती. हात दाखवा!"

आम्ही हात पुढे केले. माझ्या शेजारी केशरबाई बसली होती. भिंतीला भिंत लागून घर, नवरा जाऊन दहा वर्षं झालेली. माझी लेक सरोज झाली तेव्हा मला न्हाऊ घातलं ते तिनेच. तिच्या बोटांवर एक डाग नव्हता.

"नाव घ्या तिचं," भगत म्हणाला. बायका एकमेकींचे हात बघू लागल्या.

"केशरबाई," मी म्हणाले.

ही गोष्ट मी नातवंडांना पुष्कळदा सांगितली आहे. पण दर वेळी "कोणीतरी नाव घेतलं" असंच सांगितलं. ती मी होते, हे आज पहिल्यांदा लिहिते आहे.

"मंजुळे, तू?" एवढंच केशरबाई बोलली.

ठरलं असं की मंगळवारी तिचे हात परातीत बुडवायचे. पाणी लाल झालं तर तिने घर सोडून कोळीवाड्याबाहेर जायचं.

सोमवारी माझं एक बोट फुटलं. महापालिकेच्या दवाखान्यात शालन नावाची नर्स होती, मागच्या बौद्ध चाळीतली. पट्टी बांधता बांधता तिने सगळं काढून घेतलं.

"आणि ही केशरबाई काय विकते, मावशी?"

"सुकं. बोंबील, जवळा."

शालनचा हात थांबला. "म्हणजे ती बर्फाला हातच लावत नाही."

मी मान खाली घातली. रोज तिच्या शेजारी टोपली ठेवून बसणारी मी, आणि मला हे दिसलं नव्हतं.

मंगळवारी शालन माझ्या घरची हळद घेऊन देवळासमोर आली. "आधी माझे हात बघा, भगत," म्हणाली आणि हळद चोळून तिने उजवा हात परातीत घातला. पाणी लाल.

"तुझ्यावरबी हाय! जुनी हाय!" भगत लगेच म्हणाला.

"माझ्यावर कोण करणी करणार? इंजेक्शन घेतलेली पोरं?"

बायका हसल्या. शालनने नळाचं पाणी मागवलं. कडेला बसलेल्या म्हाताऱ्या धाकूबाबाच्या तंबाखूच्या डबीतला चुना त्यात कालवला आणि हळदीचा डावा हात बुडवला. ते पाणीही लाल.

"हळदीला चुना लागला की लाल होते. कुंकू असंच करतात, विसरलात? भगत, तुमच्या परातीच्या तळाशी पांढरं काय बसलंय ते दाखवता?"

"मला दुसऱ्या गावाला जायचंय," म्हणत भगत झोळी आवरू लागला.

"पन आमी बऱ्या झालो त्या?" सगुणाने विचारलं.

"पंधरा दिवस बर्फ सोडलात, हात उबेत ठेवलेत. औषध तेच. गारठ्याने बोटांतल्या बारीक रक्तवाहिन्या आवळतात. त्यात एकदम शेगडी लावली की सूज येते. डॉक्टर याला चिलब्लेन म्हणतात. बर्फ फळकुटाने ओढा, रबरी हातमोजे घाला, आत सुती. हात आधी कोरडे करा, मग पदरात धरून हळूहळू ऊब द्या. खाजवू नका, मिश्री सोडा, तंबाखूनेही रक्तवाहिन्या आवळतात. बोट फुटलं तर दवाखान्यात या."

केशरबाई उठली आणि कोणाकडे न बघता घरी गेली. कोणी तिला अडवलं नाही, कोणी माफीही मागितली नाही.

संध्याकाळी मी तिच्या दारात उभी राहिले. तिने चहा दिला. मग म्हणाली, "मंजुळे, शालन आली नसती, तर माझ्या हातानं पन पानी लाल झालं असतं ना गो?"

"हो."

"मग तू मना घालवलं असतंस."

मला "नाही" म्हणता आलं नाही. आजही येत नाही.

वाचणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं आहे. दुखणं आलं की ते कुठून आलं ते शोधा, कोणी केलं ते नको. शंभरांत एकीला ते झालं नसेल, तर तिच्याकडे जा आणि विचारा, तू वेगळं काय करतेस? मी विचारलं असतं तर केशरबाईने मला त्याच दिवशी सांगितलं असतं.