हीच, अगदी हीच

"इस्वास बसायचा न्हाय तुमचा, चितारी, पण मी डोळं झाकलं की आमची सुगरा अशी पुढं येऊन हुबी ऱ्हाती," लालासाब कल्हईवाला सांगत होता. "येवढी लख्ख, की तिच्या पदराच्या वाऱ्यानं भट्टीतली राख उडती. परवा तर शेजारीण इचारत आली, पावणी कोण आलीया म्हणून!"

आकाराम चितारी हसला नाही. तो लाकडी पाटावर पांढरी माती सारवत होता. त्याच्या पडवीत अशी माणसं नेहमीच येत. फोटो काढून घेणं हे सरदार-इनामदारांचं काम. बाकीच्यांची माणसं चेहरा मागे न ठेवताच जायची. मग कुणी लेक, कुणी विधवा आकारामपुढे डोळे मिटून बसायची आणि दिसेल तसं सांगायची. त्या सांगण्यावरून तो गेलेलं माणूस कोळशानं उभं करायचा.

लालासाबच्या शेजारी त्याची मुलगी नजीरा बसली होती. प्लेगच्या साली माळावरच्या झोपडीत त्याची बायको सुगरा गेली, तेव्हा नजीरा अंगावर पीत होती. आता चार दिवसांत ती लग्न होऊन मिरजेला जाणार होती. जाण्याआधी तिनं बापाकडे एकच गोष्ट मागितली होती, "अम्मा दिसायची कशी, ते येकदा बघू द्या मला." मोहल्ल्यात तसबीर चालणार नव्हती. म्हणून पाटावर काढायची, डोळे भरून बघायची आणि ओल्या फडक्यानं पुसून टाकायची, असं ठरलं होतं.

"मिटा डोळं," आकाराम म्हणाला. "बघा, आन् सांगा."

लालासाबनं डोळे मिटले. आत काळोख. कल्हई उडालेल्या पातेल्याच्या बुडासारखा. जन्मभर आत तेवढा काळोखच होता आणि त्याची त्याला कधी खंतही वाटली नव्हती. 'डोळ्यांपुढं येतं' असं लोक म्हणत, ती त्याला नुसती बोलायची रीत वाटे. पोटात कावळे ओरडतात म्हणतात, म्हणून काय कुणी पोटात कावळे पाळतं? मग एकदा सरकारांच्या चित्तेखान्यातला त्याचा दोस्त इकबाल, मेलेल्या चित्त्यासाठी रडत त्याच्या भट्टीपाशी येऊन बसला.

"दिसतीया रं अजून," इकबाल म्हणाला. "डोळ्याखालनं तोंडापतुर गेलेली ती काळी रेघ. हितं जरा वाकडी."

"दिसती म्हंजे?"

"दिसती म्हंजे दिसती की! तुला न्हाय व्हय दिसत आमची भाबी?"

"दिसती की! न दिसाय काय झालं?" लालासाबनं ठोकून दिलं.

त्या दिवसापासून तो घरोघर भांडी गोळा करताना विचारत सुटला. बायडाबाईला सासरी नांदणारी लेक दिसत होती. दूधवाल्या कृष्णातला विकलेली म्हैस दिसत होती, तीही शिंगासकट. आणि ह्याला बायको दिसू नये?

माहीत सगळं होतं त्याला. भट्टीचा भाता ओढता ओढता सुगरा मध्येच थांबून खांदा चोळायची. रागावली की भाकरी जाड थापायची. ती समोर आली असती, तर उरुसाच्या गर्दीतही त्यानं पाठमोरी ओळखली असती. पण ती येणार नव्हती, आणि आत बोलवावी तर आत दिवाच नव्हता. मग आईविना पोरीला निजवताना तो थापा मारू लागला. रोज नवी अम्मा. कधी तिच्या केसांत मोगरा, कधी तिच्या हसण्यानं पिंजऱ्यातला पोपट लाजलेला. पोर ऐकता ऐकता झोपायची. जागा राहायचा तो लालासाब. पुढं पुढं त्या थापा इतक्या झकास जमू लागल्या की ऐकायला पेठेतली माणसं भट्टीभोवती बसू लागली.

"कपाळ कसं?" आकारामनं विचारलं.

"चंद्रावानी."

"नाक?"

"चाफ्याची कळी, दुसरं काय?"

"डोळं?"

"हरणाचं."

कोळसा फिरत राहिला. पाटावर एक देखणी बाई उमटली.

"बघा आता."

"हीच!" लालासाब ओरडला. "अगदी हीच!"

आकारामनं हातावर हात झटकले. "लालासाब, आजपतुर माझ्या पयल्या चित्राला कुणी 'हीच' म्हटलं न्हाय. माणसं भांडत्यात माझ्यासंगं. वठ असा न्हवता, हनवटी पुसा, भवया खाली घ्या. एका म्हातारीनं तर माझ्या हातातनं कोळसा वढून घेतला, 'सरक मुडद्या' म्हणाली."

"माझी नजर पक्की हाय, म्हणून!"

 चितारीनं फडक्यानं चित्रातलं नाक पुसलं आणि बसकं काढलं. भुवया जाड केल्या. गाल भरले. पाटावर आता दुसरीच बाई होती.

"आन् ही?"

लालासाबनं पाटाकडे पाहिलं, मग डोळे गच्च मिटले. बराच वेळ मिटून ठेवले. या खेपेला तरी ये गं, तो मनात म्हणत होता. भाता ओढायला नगं, भाकरी थापाय नगं, नुसती ये. शेजारी नजीराचा श्वास अडकलेला त्याला ऐकू येत होता. आत कुणी आलं नाही.

"हां," तो हसत म्हणाला.  "ही तर मघापरास हीच! बघा, बघा, हसली बघा मला!"

नजीरा उठली. पाटापाशी गेली, पण चित्राकडे तिनं पाहिलंच नाही. ती बापाच्या मिटलेल्या पापण्यांकडे बघत राहिली.

"अब्बा," ती म्हणाली, "मघाची बी अम्मा, ही बी अम्मा. तुमास्नी कुणीच दिसत न्हाय न्हवं?"