दवाई टाकली का?

केशवरावांच्या वांग्याला रोग असो वा नसो, दर आठ दिवसांनी टॉनिक मिळायचंच. कोणत्या पिकाला काय द्यायचं हे विचारायला त्यांच्याकडे पार तिवशाची माणसं येत. त्यामुळे गटाच्या बोटीलाही टॉनिक द्यायचं त्यांनी ठरवलं, तेव्हा कुणाला नवल वाटलं नाही.

बोट सात घरांच्या शेतकरी गटाची होती. धरणाचं पाणी चढलं तेव्हा गाव अलीकडे आलं आणि भाजी-फुलांची वावरं पलीकडे राहिली. सकाळी सगळे बोटीतून वावरात जात, माल भरून परत येत. काठावरून टेम्पो अमरावतीच्या बाजारात जाई. बोट देवानंद चालवायचा. इंजिन लहान, पेट्रोलमध्ये ऑइल मिसळावं लागणारं. ऑइल तो फवारणीच्या दवाईच्या मापानं मोजायचा, म्हणून सगळे त्या ऑइललाच दवाई म्हणत.

केशवरावांनी अकोल्याहून पेट्रोलमध्ये टाकायची एक बाटली आणली.

"हे टाकत जा. इंजिन साफ राह्यते, ताकद येते."

देवानंदनं बाटलीवरची बारीक अक्षरं वाचली. "काका, बोट दोन-तीन महिने उभी ठेवाची असन तं हे कामाचं. पेट्रोल खराब होत नाई. आपली बोट तं रोज चालून राह्यली. कॅन तीन दिवसात खाली होते. ताजं पेट्रोल, मापात ऑइल अन् साफ फिल्टर. बस झालं."

"बिमार पडल्यावरच दवाई घ्याची काय रे?"

"बिमार नसल्यावर काहून घ्याची?"

गटातली मैनाबाई पदर तोंडाला लावून हसली. तिच्यामागून बाकीचेही हसले. केशवरावांना ते झोंबलं.

"दहावी नापास अन् इंजिनाचा डाक्टर!"

आता लोक देवानंदला हसले. त्या दिवसापासून केशवरावांच्या सांगण्यावरून पेट्रोलची कॅन आणि ऑइल पलीकडच्या काठावर, त्यांच्या वावरातल्या कोठ्यात राहू लागलं. देवानंद मोकळा असला तर ऑइल तो मोजायचा, नसला तर केशवराव. टॉनिक मात्र केशवरावच टाकायचे, दर कॅनला एक झाकण. महिनाभरात त्यांच्या लेखी दवाई म्हणजे तेवढी एकच बाटली उरली.

दसऱ्याच्या दोन दिवस आधी झेंडूच्या टोपल्या भरताना देवानंदनं काठावरून हाक दिली, "काका, दवाई टाकली का?"

"टाकली!"

ते खोटं नव्हतं. त्यांनी झाकणभर टॉनिक टाकलंच होतं.

पाण्याच्या मधोमध इंजिन किंचाळलं आणि जाम झालं. देवानंदनं इंजिन सुरू करायची दोरी ओढून पाहिली, ती हलेना. त्याच क्षणी केशवरावांना कोठ्यातला ऑइलचा डबा आठवला. त्याला त्यांनी हात लावला नव्हता. वल्ही मारत बोट काठाला लागेपर्यंत ऊन डोक्यावर आलं होतं, टेम्पो निघून गेला होता आणि मैनाबाई वाफ धरलेला झेंडू हातानं उपसून पसरवत होती.

तिवशाच्या शेखर मिस्त्रीनं इंजिन उघडलं. "ऑइलच नाई पडलं याच्यात," तो म्हणाला.

सगळ्यांनी देवानंदकडे पाहिलं.

"मी इचारलं होतं," देवानंद म्हणाला.

"कोणाले?" नितेशनं विचारलं. गटाचा कारभार तो पाहायचा.

देवानंदनं केशवरावांकडे पाहिलं. केशवराव खाली वाकून चपलेचा पट्टा नीट करत होते. पट्टा नीटच होता.

"जाऊ द्या," देवानंद म्हणाला.

संध्याकाळी नितेशच्या अंगणात बैठक झाली. देवानंद आला नाही. बोट त्याच्या हातून काढायची का, हा एकच विषय होता. पाच हात वर गेले. आपला हात खाली राहिला तर कोणी कारण विचारेल, एवढाच हिशेब केशवरावांनी केला आणि सहावा हात वर गेला.

घरी त्यांच्या बायकोनं, शकुननं ताट वाढलं आणि ती समोर बसली.

"कोठ्यातला डबा भरेलच हाय. म्या सकाळी वावरातून निंगताना पाह्यला."

केशवरावांनी घास तोंडात ठेवला. मग तिच्याकडे मीठ मागितलं.

चार दिवसांनी इंजिन दुरुस्त होऊन आलं. सकाळी नितेशनं पहिल्यांदा बोट चालवायला घेतली. काठ सोडून दोन वल्ह्यांइतकं अंतर झालं असेल, तेव्हा केशवराव बोलले. कुणाच्या तोंडाकडे न बघता, बोटीच्या तळाशी साचलेल्या पाण्याकडे पाहत.

"ऑइल म्या टाकलं नव्हतं. देवानंदनं दवाई टाकली का म्हून इचारलं. मले वाटलं माही बाटली. म्या टाकली म्हनलं."

नितेशनं इंजिन बंद केलं.

"हे आता सांगता?" मैनाबाई म्हणाली. "मंग त्या दिवशी बैठकीत हात काहून वर केला होता?"

"भेव वाटलं."

"कायचं?"

"तुमी हासान म्हून."

कोणी हसलं नाही. हसले असते तर केशवरावांना बरं वाटलं असतं.

"मांगं घे, नितेश," मैनाबाई म्हणाली. "यायले उतरव. देवानंदले हेच घेऊन येतीन. अन् त्याच्या दारात जसं घडलं तसं सांगा भाऊ, अर्धं ठेवू नका."

केशवराव घोटाभर पाण्यात उतरले. ओल्या धोतरानं चढ चढताना त्यांना वाटलं, निदान आता बोट निघून जाईल, मागे बघणारं कोणी उरणार नाही. पण इंजिन सुरू झाल्याचा आवाज आला नाही. सगळे थांबले होते.