ऊन दाखवलेली सनई

वैभवीनं मागून आणलेल्या रेकॉर्ड प्लेअरची वायर लॅपटॉपले जोडली अन् रेकॉर्डीच्या ढिगाकडं हात नेला, तशी वच्छलाबाईनं हातातली कपबशी ठेवली अन् ढीग वरून मोजला. वरून सातवं कव्हर सनईचं होतं. त्या कव्हरात सनई नव्हती. साऱ्या जगात हे एकट्या वच्छलाबाईले माहीत होतं, अन् तेही चाळीस वर्षांपासून.

नात मोठ्या हौसेनं काम करून राहिली होती. आता बेसाच्या लहान फ्लॅटात राहाले जायचं, तिथं आबाच्या रेकॉर्डीले जागा नाही, म्हणून सारं कम्प्युटरात भरायचं. सीड्या एका सकाळीच आटोपल्या. रेकॉर्डीचं तसं नसते. पूर्ण वाजू द्यावी लागते, तेव्हा कुठं आत जाते.

"आजी, घामाघूम काहून होऊन राहिली वं? कूलर चालू आहे न."

"तुह्या आबाले विचार. रेकॉर्डी त्याहीच्या, घाम मले!"

सनईची रेकॉर्ड आबानं, म्हणजे वामनरावांनी, पहिल्या पगारात घेतली होती. दोघांच्या लग्नात भोंग्यावर तीच वाजली होती. मंग एका मे महिन्यात वामनराव मौद्याले गेले असताना वच्छलाबाईनं गहू, डाळ, गाद्या, साऱ्यायले ऊन दाखवलं. कव्हरले ओल लागली होती, म्हणून सनईलेही दाखवलं. गच्चीवर, उपड्या गंजावर, डाळीच्या मोठ्या पातेल्यावर. अन् ऊन नागपूरचं! कुरड्या पलटवून येते तं रेकॉर्ड गंजावर लोंबून परडीसारखी झालेली. तिनं कव्हरात क्लॅरिनेटची एक जुनी रेकॉर्ड सरकवली. त्याच वर्षी प्लेअर बिघडला, मंग कॅसेटी आल्या, अन् कव्हर कोणी उघडलंच नाही.

तशी वच्छलाबाई थापांले भिणारी नव्हती. बुटीबोरीच्या बाजारात तिनं वाघाच्या मिशीले खोबरेल लावलं होतं, हे घरातल्या साऱ्या लेकरायनं ऐकलेलं. पण त्या थापा मजेच्या. ही थाप पोटात बसून होती.

वच्छलाबाईनं तीनदा चहा केला. "चुकून" पाय लागला अन् प्लग निघाला, चौथी रेकॉर्ड पहिल्यापासून लावावी लागली. वैभवी फोनवर बोलाले गेली, तेवढ्यात वच्छलाबाईनं सनईचं कव्हर ढिगाच्या तळाशी दाबलं. हुश्श करते न करते तोच इतका वेळ कोपऱ्यात बसून असलेले वामनराव खुर्चीतून उठले, ढीग चाळला अन् तेच कव्हर ओढून काढलं.

"बेटा, हे लाव आता. आमच्या लग्नातली."

सुई टेकली. क्लॅरिनेट वाजाले लागलं. वामनरावांनी डोळे मिटून मान डोलवली. "वा! हेच! हेच!"

सुटली म्हणावं, तं वच्छलाबाईले सुटल्यासारखं वाटेना. कोणत्या तानेवर कोणता पाहुणा रुसला हे सांगणारा माणूस, त्याले सनई कळू नये? गेल्या महिन्यात चश्मा फ्रिजमध्ये सापडला होता. शेजारचे नत्थूजी असेच आधी गाणी विसरले, मंग घरचा रस्ता.

"अहो, हे सनई नोहे!" ती ओरडली. "सनई म्या उन्हात ठेवली, तिची परडी झाली!"

वैभवी हसून लोटपोट. "आजी, वाघाची मिशी झाली, आता रेकॉर्डची परडी!"

वच्छलाबाई तरातरा गॅलरीत गेली अन् कोरफडीची कुंडी आणून टेबलावर आपटली. काळ्या कुंडीले बाहेरून बारीक गोल रेघा होत्या. बुडाले मधोमध एक भोक.

वैभवीचं हसू थांबलं. "आबा, पाहा न!"

"आं?" वामनरावांनी डोळे उघडले. "थांब, मशीन लावू दे." खिशातून कानाची मशीन काढून लावली. "टोचते म्हणून काढली होती."

"मंग मान काहून डोलवून राहिले होते?" वच्छलाबाईचा आवाज फाटला.

"कव्हर पाहून." त्यांनी कान टवकारला. "हे काय वाजून राहिलं वं? आपली सनई कुठं आहे?"

फुकटची कबुली दिली होती! जिभेवर माकडानं सनई पळवल्याची थाप तयारच होती. पण कुंडी समोर होती, अन् वामनरावांचं नख रेघांवरून फिरून राहिलं होतं.

"याले रोज पाणी मीच घालतो न?"

"हाव."

"चाळीस वर्षं?"

"कोरफड तीनदा बदलली," ती हळूच म्हणाली. "कुंडी थेच."

वैभवीची यादी अडली होती. "आबा, सनईच्या जागी काय लिहू?"

"याचा फोटो काढ. अन् लिही, सनई, वच्छलानं ऊन दाखवलेली." मंग बायकोकडं न पाहता म्हणाले, "अन् उद्यापासून पाणी तू घाल वं."