उजव्या हातातली चकती

निकोबुलोसच्या हातातून चकती निसटली आणि ठणठणत मोस्खिओनच्या पायाशी जाऊन पडली. ती उचलायला वाकला तर दुसरीही निसटली. मोस्खिओन बघायच्या आत त्याने दोन्ही घाईघाईने मुठींत झाकल्या आणि मगच तो सरळ उभा राहिला.

तिथेच घोटाळा झाला. अथेन्सच्या न्यायालयात प्रत्येक पंचाला दोन कांस्याच्या चकत्या मिळतात, मधोमध आखूड दांडी असलेल्या. पोकळ दांडीची फिर्यादीसाठी, भरीव दांडीची आरोपीसाठी. दांडीची टोकं चिमटीत झाकून धरायची, म्हणजे बघणाऱ्याला पत्ता लागत नाही आणि धरणाऱ्याच्या बोटांना कळतं. आपलं मत कांस्याच्या रांजणात टाकायचं, उरलेली चकती लाकडाच्या. कायदा झकासच, पण तो करताना लोहारांचा विचार कुणी केला नव्हता. पस्तीस वर्षं भट्टीपुढे काढून निकोबुलोसच्या बोटांची टोकं टाचेसारखी झाली होती. भरीव चकती त्याने मघाशी नीट बघून उजव्या हातात घेतली होती. आता ती कुठे होती, देव जाणे.

"काय रे, हात कापतायत की काय?" मोस्खिओनने विचारलं. हा त्याच्याच गल्लीतला मासेवाला, आणि गल्लीतली एक गोष्ट याच्या पोटात राहील तर शपथ.

"घाम आलाय."

"तुझा दोस्तच ना तो? भट्टीवर रोज ठाण मांडून असायचा."

"थंडीत सगळेच येतात भट्टीवर."

"सूर्य म्हणजे जळका दगड, म्हणतो मेला! बघतोच, त्याला वाचवायला कोण कोण निघतंय ते."

समोर आरोपीच्या ओट्यावर आर्खेदामोस बसला होता. सत्तरीचा, हडकुळा. तापलेल्या लोखंडाकडे बोट दाखवून तो विचारायचा, "हे लाल आहे, निकोबुलोस, की तुला लाल दिसतंय?" गिऱ्हाइकं हसायची. निकोबुलोसला कावीळ झाली आणि मध कडू लागू लागला, तेव्हा म्हातारा उशाशी बसून त्याच वाटीतला मध चाटत होता, नि आपल्याला तोच गोड लागतोय म्हणून खूश होता. एवढं जिवाला जीव देणारं माणूस निकोबुलोसला दुसरं भेटलं नव्हतं. देवनिंदेचा गुन्हा शाबीत झाला तर कायद्यात एकच शिक्षा होती, मृत्यू.

रांग पुढे सरकली. नुसती मूठ उघडून एक नजर टाकायची होती. पण मोस्खिओनची हनुवटी जवळजवळ त्याच्या खांद्यावर होती आणि मागे आणखी दहा जण होते. आपण बघितलं की तेही बघणार, आणि कुठली कशात पडते तेही बघणार. त्याने अंगठा दांडीवर घासला. काहीच कळेना. बहुतेक उजवीच, असं मनाशी म्हणत त्याने उजवी कांस्याच्या रांजणात सोडली.

पंच पाचशे एक होते. मोजणी झाली. पोकळ दोनशे एक्कावन्न, भरीव दोनशे पन्नास.

गलका झाला. तो निकोबुलोसला पलीकडच्या गल्लीतून आल्यासारखा ऐकू आला. रडू येईल, निदान राग तरी येईल, म्हणून तो बाकावर वाट बघत बसला. काही आलं नाही. मग उठला आणि लोकांबरोबर दाराशी गेला.

शिपाई आर्खेदामोसला घेऊन आले. लोक बाजूला झाले, निकोबुलोस तसाच उभा राहिला.

"एका मताने गेलो रे," म्हातारा म्हणाला. "तू कुणाला दिलंस ते सांगू नकोस हं. मला ठाऊक आहे."

"मला ठाऊक नाही."

"म्हणजे?"

"चकत्या पडल्या. उचलल्यावर बोटांना कळेना भरीव कुठली. उजवी टाकली."

शिपायाने दंड ओढला, पण म्हातारा हलला नाही. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. भट्टीपाशी काही नवीन ऐकलं की तो असाच टवटवीत व्हायचा, आणि निकोबुलोसला नेमकं तेच सोसेना.

"पण डोळे होते ना? बघितलं का नाहीस?"

मोस्खिओन दोन पावलांवर कान टवकारून उभा होता. निकोबुलोसने आवाज खाली आणला.

"लोक होते," तो म्हणाला.